चिकनमधली चरबी: खाद्य किती, जात किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोल्ट्रीवाले, परसात गावरान पाळणारे आणि रविवारी पिशवी घेऊन दुकानापुढे उभे राहणारे, अशा तिघांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. विषय एकच आहे: कोंबडीच्या मांसात कोणती मेदाम्लं (चरबी ज्यांपासून बनते ते घटक) किती असतात आणि त्यात आनुवंशिकीचा वाटा किती.

चिकनमध्ये नेमकी कोणती मेदाम्लं असतात?

कोंबडीच्या चरबीत पाच मेदाम्लांनीच बहुतेक जागा व्यापलेली असते. साधारण प्रमाण असं: ओलेइक ३७ टक्के, पामिटिक २१-२२, लिनोलेइक २० च्या आसपास, स्टिअरिक ६ आणि पामिटोलेइक ५-६. राहिलेल्या थोडक्या जागेत ॲराकिडोनिक, अल्फा-लिनोलेनिक, ईपीए, डीएचए (शेवटची दोन लांब साखळीची ओमेगा-३) ही मंडळी असतात. जाहिराती मात्र या उरलेल्यांच्याच जिवावर चालतात.

हे प्रमाण घरात डोळ्यांनीही दिसतं. चिकनचा रस्सा रात्री फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळी त्यावर मऊ थर येतो आणि बोट लावताच तो पाघळतो. मटणाच्या रश्शावरचा थर मात्र चमच्याने खपलीसारखा उचलता येतो आणि गार खाल्ला तर टाळूला चिकटतो. मटणाच्या चरबीत स्टिअरिक आम्ल बरंच जास्त असतं. शेळी-मेंढीच्या पोटातले जिवाणू चाऱ्यातल्या असंपृक्त (कार्बनच्या साखळीत दुहेरी बंध असलेल्या, पातळ राहणाऱ्या) मेदाम्लांचे दुहेरी बंध मोडून ती संपृक्त (स्टिअरिकसारखी, घट्ट होणारी) करून टाकतात. कोंबडीच्या पोटात असा कारखाना नाही, त्यामुळे ती जे खाते ते बरंचसं तसंच अंगावर चढतं.

म्हणजे सगळं खाद्यावरच अवलंबून?

सगळं नाही, पण पुष्कळ. मेदाम्लांचे इथे दोन गट करावे लागतात.

पहिल्या गटातली मेदाम्लं कोंबडी स्वतः बनवते. मक्यातल्या पिठूळ भागापासून आधी पामिटिक तयार होतं, त्याची साखळी वाढवून स्टिअरिक आणि स्टिअरिकमध्ये एक दुहेरी बंध घातला की ओलेइक. डुकराच्या शरीरात हे काम चरबीच्या थरातच होतं, कोंबडीत मुख्यतः कलेजीत. कलेजीतून ती चरबी रक्तावाटे स्नायूंकडे आणि पोटातल्या चरबीच्या पिशवीकडे जाते.

दुसऱ्या गटात लिनोलेइक (ओमेगा-६) आणि अल्फा-लिनोलेनिक (ओमेगा-३) येतात. ही दोन कोंबडीला बनवताच येत नाहीत, तुम्हाला-मला येत नाहीत तशीच. त्यासाठी लागणारी विकरं (एन्झाइम) वनस्पतींकडे असतात, आपल्याकडे नाहीत. ती खाद्यातूनच यावी लागतात. सोयाबीन तेलात लिनोलेइक निम्म्याहून थोडं जास्त असतं, पाम तेलात पामिटिकच चाळीस टक्क्यांच्या वर, तर जवसाच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक निम्म्याच्या आसपास. खाद्यातलं तेल बदललं की काही आठवड्यांत मांसातलं प्रमाण बदलतं. कोणतीही जात याला अपवाद नाही.

मग जनुकं करतात काय?

कच्चा माल खाद्य पुरवतं, त्यावर पुढची प्रक्रिया किती आणि किती वेगाने होणार ते जनुकं ठरवतात. नावं थोडी अवघड आहेत, पण चार लक्षात ठेवली की पुरे.

एफएएसएन हे नव्याने पामिटिक बनवणाऱ्या विकराचं जनुक. एससीडी हे स्टिअरिकचं ओलेइक आणि पामिटिकचं पामिटोलेइक करणारं. ईएलओव्हीएल नावाचं एक कुटुंब आहे, ते साखळी लांबवतं. आणि एफएडीएस-१ व एफएडीएस-२ ही जोडी लांब साखळ्यांमध्ये नवे दुहेरी बंध घालते. ही शेवटची जोडी कोंबडीच्या पाचव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहे.

लिनोलेइकपासून ॲराकिडोनिक बनतं आणि अल्फा-लिनोलेनिकपासून ईपीए व पुढे डीएचए. गंमत अशी की दोन्ही वाटांवर विकरं तीच आहेत. गिरणी एक आणि गिऱ्हाइकं दोन: ज्याचं पोतं मोठं, त्याचं दळण जास्त होतं. मका-सोयाबीनच्या खाद्यात ओमेगा-६ चं पोतं नेहमीच मोठं असतं. त्यामुळे एखाद्या पक्ष्याचं एफएडीएस-२ कितीही जोरकस असलं, तरी खाद्यात ओमेगा-३ नसेल तर त्या जोराचा फायदा ॲराकिडोनिकला मिळतो, डीएचएला नाही.

याखेरीज या सगळ्यांना चालू-बंद करणारी नियंत्रक जनुकंही आहेत, एसआरईबीएफ-१, पीपीएआर-गॅमा वगैरे. त्यांच्या खोलात इथे जात नाही.

एखादं जनुक सापडलंय का, ज्याने मांसात खरोखर फरक पडतो?

माझ्या मते यातलं सर्वांत नीट उदाहरण जपानमधल्या अकिता प्रांतातलं आहे.

तिथे हिनाई-दोरी नावाची जुनी देशी जात आहे. १९४२ मध्ये जपान सरकारने तिला नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षण दिलं. मग तिचा नर आणि ऱ्होड आयलंड रेडची मादी असा संकर करून खाण्यासाठी हिनाई-जिदोरी तयार केली गेली. आजही प्रांताच्या प्रमाणपत्रासाठी मादी किमान १५० दिवस वाढवावी लागते. आपल्याकडचा बॉयलर ३५ ते ४२ दिवसांत गाडीत चढतो, त्याच्याशी तुलना करून बघा. अकिताच्या लोकांचं म्हणणं, हिची चव वेगळी. चव वेगळी असं कुठल्याही गावचा माणूस आपल्या कोंबडीबद्दल म्हणतोच, पण तिथल्या पशुसंवर्धन प्रयोगशाळेने ते तपासायला घेतलं.

त्यांनी हिनाई-जिदोरी आणि बॉयलर यांच्या मांसाची शेजारी-शेजारी मांडून तुलना केली. चवीशी संबंध असलेले घटक एकेक करून मोजले: सुटी अमिनो आम्लं, इनोसिन मोनोफॉस्फेट, मेदाम्लं. ठळक फरक निघाला तो ॲराकिडोनिक आम्लात. जिदोरीच्या तंगडीत ते जास्त होतं. पुढचा प्रश्न साहजिकच असा की ॲराकिडोनिक चवीचं कारण आहे की नुसता सोबती? म्हणून त्यांनी कोंबड्यांना ॲराकिडोनिकयुक्त तेल खाऊ घातलं आणि मांस चाखणाऱ्यांपुढे ठेवलं. ॲराकिडोनिक वाढलेल्या मांसाला चवीत जास्त गुण मिळाले. त्यानंतर ते जनुकांकडे वळले आणि एफएडीएस-१ व एफएडीएस-२ च्या पट्ट्यातले डीएनए अक्षरांचे फरक तंगडीतल्या मेदाम्लांच्या प्रमाणाशी जोडलेले आढळले.

मला यात आवडतो तो क्रम. आधी चवीचा दावा, मग रसायन, मग खाऊ घालून केलेली परीक्षा आणि सगळ्यात शेवटी जनुक. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो: डीएनएमधल्या हजारो खुणांमधून (पक्ष्यागणिक बदलणाऱ्या अक्षरांच्या जागांमधून) एक खूण निवडायची आणि मग तिला काम शोधत बसायचं.

ॲराकिडोनिक आम्लाने चव कशी येते?

तापवल्यावर ओमेगा-६ मेदाम्लं तुटतात आणि त्यातून वास देणारे छोटे रेणू सुटतात. २,४-डेकाडायनाल हा त्यातला प्रमुख. चिकन तळताना घरभर जो 'चिकनचा' वास पसरतो, त्यात याचा मोठा हात आहे.

हीच गोष्ट उलटतेही. कालचं सुकं चिकन आज परत गरम केलं की येणारा शिळा, पुठ्ठ्यासारखा वास हाही असंपृक्त मेदाम्लांच्या तुटण्याचाच प्रकार. असंपृक्त मेदाम्लं वाढवा म्हणणाऱ्याने टिकाऊपणाचाही हिशेब मांडायला हवा.

गावरान कोंबडीत ओमेगा-३ जास्त असतं, हे खरं का?

'गावरान' या एका शब्दात आपण चार गोष्टी कोंबतो: जात, वय, खाद्य आणि हिंडणं-फिरणं. उकिरड्यावर किडे, गवताचे कोंब, सांडलेलं धान्य खात सहा महिने वाढलेली कोंबडी आणि शेडमध्ये मका-सोया खाऊन सहा आठवड्यांत तयार झालेला बॉयलर यांच्या मांसात फरक दिसणारच. पण त्या फरकातला किती भाग रक्तातून आला, हे अशा तुलनेतून कधीच कळत नाही. कोवळ्या हिरव्या पाल्यातल्या थोड्याशा चरबीत अल्फा-लिनोलेनिकचं प्रमाण चांगलं असतं. उद्या बॉयलरला तोच पाला चारला तर त्याच्याही मांसात थोडं ओमेगा-३ चढेल.

जात वेगळी काढून बघायची तर बाकी सगळं सारखं ठेवावं लागतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात वाढीच्या बाबतीत हे केलं गेलं. १९५७ आणि १९७८ पासून बदल न करता जपून ठेवलेल्या दोन वाणांच्या कोंबड्या आणि २००५ चा व्यापारी बॉयलर एकाच खाद्यावर वाढवले. ५६ व्या दिवशी वजनं भरली अनुक्रमे ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. खाद्य तेच, शेड तीच, म्हणजे हा फरक निवड-पैदाशीचा. 'बॉयलरला इंजेक्शन देऊन फुगवतात' असं ठामपणे सांगणाऱ्यांना हे तीन आकडे दाखवायला हरकत नाही.

गावरानच्या ओमेगा-३ बद्दल कुणी आकडा सांगितला तर दोनच गोष्टी विचारा: खाद्य सारखं होतं का आणि वय सारखं होतं का. एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर तो आकडा जातीबद्दल काही सांगत नाही.

टक्के आणि मिलिग्रॅम यात एवढा फरक का पडतो?

प्रयोगशाळेत मांसातली चरबी विरघळवून काढतात, मेदाम्लांचे मिथाइल एस्टर बनवतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफ या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला देतात. यंत्रातून येतं ते 'एकूण मेदाम्लांपैकी टक्के'. पोटात मात्र टक्के जात नाहीत.

समजा, एका कोंबडीच्या शंभर ग्रॅम मांसात १ ग्रॅम मेदाम्लं आहेत आणि त्यात २ टक्के डीएचए. म्हणजे २० मिलिग्रॅम. दुसरीच्या मांसात ३ ग्रॅम मेदाम्लं आणि त्यात १ टक्का डीएचए. म्हणजे ३० मिलिग्रॅम. पाकिटावर छापून येईल 'दुप्पट डीएचए' ते पहिल्या कोंबडीचं, आणि ताटात जास्त येईल ते दुसरीचं.

हा नुसता कागदी हिशेब नाही. स्नायूत चरबी दोन जागी असते. पेशींच्या पडद्यातली फॉस्फोलिपिडं आणि साठवलेली ट्रायग्लिसराइडं. लांब साखळीची असंपृक्त मेदाम्लं पडद्यात जास्त असतात आणि पडदे साधारण तेवढेच राहतात. कोंबडी लठ्ठ झाली की वाढतो तो साठा. त्यामुळे सडपातळ कोंबडीत ॲराकिडोनिक, डीएचएची टक्केवारी आपोआप चढी दिसते. देशी जातींवरचे कितीतरी अभ्यास या एका खड्ड्यात पडलेत. त्यात सापडलेलं 'ओमेगा-३ चं जनुक' कदाचित फक्त सडपातळपणाचं जनुक असेल.

आणि खरोखर ओमेगा-३ हवं असेल तर बाजारात तारली किंवा बांगडा घ्या. त्यात ते शंभर ग्रॅममागे शेकडो मिलिग्रॅममध्ये मोजतात.

कडकनाथचं काय?

काळा रंग आणि चरबी यांचा एकमेकांशी संबंध नाही. कडकनाथची कातडी, हाडं, मांस काळं दिसतं ते विसाव्या गुणसूत्रावरच्या एका पट्ट्याची नक्कल झाल्यामुळे. त्यात ईडीएन-३ हे जनुक येतं आणि रंगपेशी नको तिथे वाढतात. चीनमधल्या सिल्की कोंबडीतही हाच बदल आहे. मेदाम्लं बनवणाऱ्या जनुकांना त्याने धक्का लागत नाही.

कडकनाथ सावकाश वाढते आणि अंगाने सडसडीत राहते, म्हणून मांसात एकूण चरबी कमी. इतपत ठीक. पण 'कोलेस्टेरॉल नाहीच' असं कुणी म्हणालं तर सरळ उठून जावं. पेशीचा पडदा असलेल्या प्रत्येक प्राण्याच्या मांसात कोलेस्टेरॉल असतं. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यानंतर मागणीला उधाण आलं. त्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ पालनाच्या योजनांमध्ये अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले.

चरबी पिवळी म्हणजे कोंबडी अस्सल गावरान, असं दुकानदार सांगतो. खरं का?

पिवळा रंग कॅरोटिनॉइडांचा, म्हणजे वनस्पतींतल्या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांचा. मका, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्यांची पूड, काहीही खाऊ घातलं तरी येतो. तो रंग अंगावर टिकेल की नाही हे बीसीओ-२ या जनुकावर ठरतं. हे जनुक कातडीत जोरात काम करत असेल तर कॅरोटिनॉइडं तिथेच मोडली जातात आणि कातडी पांढरी राहते. काम थंडावलं की पिवळी.

याची मुळं आपल्या दारात आहेत. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की पिवळ्या कातडीचं हे रूप राखाडी रानकोंबड्याकडून आलं. हा पक्षी फक्त भारतातला, आणि सह्याद्रीच्या जंगलात पहाटे त्याची बांग आजही ऐकू येते. म्हणजे जगभरच्या पिवळ्या कातडीच्या बॉयलरमध्ये इकडच्या रानाचा एक तुकडा आहे.

रंगावरून मेदाम्लं मात्र ओळखता येत नाहीत.

छातीचा तुकडा घ्यावा की तंगडी?

कातडी काढलेल्या छातीत एकूण चरबी कमी असते, तंगडीत दुप्पट किंवा त्याहून जास्त. वर सांगितलेल्या कारणामुळेच छातीत लांब साखळीच्या मेदाम्लांची टक्केवारी जास्त दिसते. चवीला तंगडी, याबद्दल आमच्या घरात तरी वाद नाही.

नर आणि मादी यांत फरक असतो का?

असतो. वयात येताना मादीच्या कलेजीत इस्ट्रोजेनमुळे चरबी बनवण्याचं काम वाढतं, अंड्यातल्या बलकाची ती तयारी असते. त्यामुळे नर-माद्यांचे नमुने एकत्र करून जातींची तुलना करू नये.

निवड-पैदाशीने मेदाम्लं बदलता येतील का?

पोटातल्या चरबीच्या पिशवीबाबत ते झालेलंच आहे. फ्रान्समध्ये आणि चीनच्या ईशान्य कृषी विद्यापीठात 'लठ्ठ' आणि 'सडपातळ' अशा दोन शाखा पिढ्यानपिढ्या निवडून वेगळ्या केल्या गेल्या. चीनमधलं काम १९९६ पासून चालू आहे. पोटातल्या चरबीची आनुवंशिकता भक्कम असल्यामुळे फरक लवकर पडला.

मेदाम्लांच्या प्रमाणाचं गणित किचकट आहे. त्यावर एका जनुकाचा नाही, अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम असतो. शिवाय मोजायला पक्षी कापावा लागतो, म्हणजे ज्याचं मांस उत्तम निघालं तो पैदाशीला उरतच नाही. भावंडांवरून अंदाज बांधावा लागतो. इथेच डीएनए खुणांचा खरा उपयोग आहे. कोंबडीचा जनुकसंच २००४ मध्ये वाचून झाला आणि २०१३ पर्यंत सहा लाख खुणा एका वेळी वाचणारी चिपही आली. पिल्लाच्या रक्ताच्या थेंबावरून अंदाज बांधता येतो.

तरीही व्यापारी कंपन्या यात फारशा शिरत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. ग्राहक किलोवर पैसे देतो, डीएचएवर नाही. जे तेल बदलून सहा आठवड्यांत होतं, त्यासाठी पैदाशीत वर्षं घालवायची कशाला? चवीला जादा भाव मिळतो तिथे, म्हणजे अकितासारख्या ठिकाणी, हे परवडतं.

खाद्य आणि जनुक दोन्ही जुळल्याशिवाय परिणाम दिसत नाही, असं उदाहरण आहे का?

आहे, पण अंड्यातलं. मोहरीवर्गातल्या पेंडीचं प्रमाण वाढलं की तपकिरी अंडी देणाऱ्या काही कोंबड्यांच्या अंड्यांना माशाचा वास येतो. त्याच शेडमधल्या, तीच पेंड खाणाऱ्या बाकीच्या कोंबड्यांची अंडी चांगली असतात. एफएमओ-३ जनुकातल्या एका बदलामुळे त्या काहींना माशाचा वास देणारं ट्रायमिथाइलअमिन मोडता येत नाही, ते बलकात साठतं. २००५ मध्ये हा बदल सापडला. पेंड बंद केली की सदोष जनुक असूनही वास जातो.

विकताना जात खोटी सांगितली तर डीएनएवरून पकडता येतं का?

येतं, फक्त त्या जातीच्या खुणा आधी ठरवलेल्या हव्यात. अकितात २००७ मध्ये अंडी देऊन थकलेल्या कोंबड्यांचं मांस हिनाई-जिदोरी म्हणून विकल्याचं उघडकीला आलं. त्याच वर्षी तिथल्या संशोधकांनी झेड या लिंग-गुणसूत्रावरच्या खुणा वापरून खरी जिदोरी ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आपल्याकडे 'गावरान' ही मुळात एक ठरीव जातच नाही, त्यामुळे तपासायचं कशाशी ताडून, हा प्रश्न उरतो.

हीच जनुकं माणसातही असतात का?

असतात, आणि त्यात पुणं येतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी पुण्यातल्या सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये माणसाच्या एफएडीएस-२ मधला एक छोटा डीएनए तुकडा तपासला. तो आई-बापाकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत असेल तर वनस्पतिजन्य लिनोलेइकपासून ॲराकिडोनिक जास्त जोमाने बनतं. पुण्याकडच्या, बहुतांश शाकाहारी गटात ६८ टक्के लोकांत तो दोन्ही प्रतींत होता, अमेरिकी गटात १८ टक्क्यांत. पिढ्यानपिढ्या वरण-भात-भाजी खाल्लेल्यांत हे रूप टिकून वाढलं, असा त्यांचा निष्कर्ष.

जनुक बदलून ओमेगा-३ वाली कोंबडी बनवता येईल का?

डुकरात २००६ मध्ये सूत्रकृमीचं एक जनुक घालून ओमेगा-६ चं ओमेगा-३ करून दाखवलं गेलं. कोंबडीत काम अवघड आहे, कारण अंडं घालेपर्यंत आत हजारो पेशी झालेल्या असतात. म्हणून अंड्यातल्या गर्भाच्या बीजपेशी काढून, बदलून परत घालाव्या लागतात. दुकानात असं चिकन नाही.

घरच्या कोंबड्यांना जवस घालावा का?

घालायला हरकत नाही. विदर्भ-मराठवाड्यात तो सहज मिळतोही. पण कच्चा जवस भरपूर घालू नका. त्यात सायनाइड सोडणारे घटक आणि ब-६ जीवनसत्त्वाला अडवणारं लिनॅटिन असतं, पिल्लांची वाढ खुंटते. एकूण खाद्याच्या दहा टक्क्यांच्या बरंच खाली राहा, जवस भाजून भरडा आणि सोबत ई जीवनसत्त्व द्या, नाहीतर वाढलेलं ओमेगा-३ मांसातच खवट व्हायला लागतं. भरडलेला जवस आठवडाभरात संपेल एवढाच करा.